तंबू कोणाच्या पाठीवर? हलक्या निवाऱ्याचा इतिहास

१/२४
पाठपिशवीत मावणारा दीड-दोन किलोंचा तंबू आज कोणत्याही मोठ्या शहरात विकत मिळतो. तो निवडताना आपण वजन पाहतो, किंमत पाहतो, पाऊस सोसेल का ते पाहतो. परंतु कैक शतके राजेरजवाड्यांच्या तंबूकडून कोणी हलकेपणाची अपेक्षा केलीच नव्हती. ती अपेक्षा केव्हा जन्मली, कोणामुळे जन्मली आणि तिच्यापायी कोणी काय मोजले, याचा हा धागा. #इतिहास #गिर्यारोहण

२/२४
आरंभ आपल्याच देशातून करू. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही छावणीचा हिशेब नोंदविला आहे. एका मुक्कामाचे सामान हलविण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत. तंबू उभारणाऱ्या फरासांची संख्या १,००० होती. पुढे औरंगजेबाच्या काळात फ्रेंच प्रवासी बर्निए यानेही असेच वर्णन केले. बादशहा एका तंबूसंचात राहत असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी रवाना होई. त्यास ‘पेशखाना’ म्हणत. त्याला ६० हून अधिक हत्ती आणि २०० उंट लागत.

३/२४
पुण्यातील ‘फरासखाना’ हे नाव आपण रोज ऐकतो. तंबू, जाजमे, सतरंज्या, बैठकीचे सामान सांभाळणाऱ्या खात्याचे ते नाव. डेरा, शामियाना, राहुटी हे शब्दही त्याच जगातले. या जगात जो तंबूत झोपे, तो तंबू उचलत नसे. म्हणून तंबूचा थाट वजनात मोजला जाई आणि जितके जनावर अधिक, तितकी प्रतिष्ठा मोठी. हलक्या तंबूचा इतिहास समजून घ्यायचा, तर ‘हा उचलणार कोण?’ हा प्रश्न सतत हाताशी ठेवावा लागतो.

४/२४
आता युरोपात जाऊ. १८५७ साली लंडनमध्ये आल्पाइन क्लब स्थापन झाला आणि आल्प्स पर्वतातील एकेक शिखर सर करण्याची जणू चढाओढ लागली. सोपी शिखरे गावातून पहाटे निघून एका दिवसात होत. मॅटरहॉर्नसारख्या शिखराला मात्र एक दिवस पुरेना. चढाईची उंची वाचवायची, तर रात्र डोंगरावरच काढणे भाग होते. डोंगराच्या त्या धारेवर हत्ती, उंट किंवा गाडा पोहोचणे शक्य नव्हते.

५/२४
१८६१. एडवर्ड व्हिंपर हा लंडनचा २१ वर्षांचा तरुण, व्यवसायाने लाकडावर चित्रे कोरणारा. मॅटरहॉर्नच्या पहिल्या प्रयत्नात त्याने ‘कोल द्यु लिओं’ या खिंडीत मुक्काम केला. सोबत एक तंबू होता. फ्रान्सिस गॉल्टन या प्रवाशाने आपल्या प्रवासविषयक ग्रंथात सुचविलेल्या धर्तीचा तो होता: पुस्तकासारखा उघडणारा, हलक्या कापडाचा, दोन लांब काठ्यांवर तोललेला. लंडनमध्ये तो फार देखणा दिसला होता.

६/२४
खिंडीत वारा सुटला तेव्हा सारे सौंदर्य संपले. खुंट्या जमिनीत टिकेनात, कापडाचे पदर खाली राहीनात, तंबू उडून जाण्याच्या बेतात आला. अखेर व्हिंपर आणि त्याचा वाटाड्या यांनी तो उतरविला आणि उडू नये म्हणून ते चक्क त्यावर बसून राहिले! रात्री तेच कापड अंगाभोवती गुंडाळून त्यांनी पहाट गाठली. हा तंबू हलका होता. परंतु ज्या जागेसाठी तो नेला, त्या जागेचा विचार त्याच्या रचनेत कोठेच नव्हता.

७/२४
परतल्यावर व्हिंपरने स्वतः तंबू रचला. दोन्ही टोकांना साडेसहा फुटी दांडक्यांची एकेक जोडी, माथ्याशी एकमेकींना छेदणारी. समोरून पाहिल्यास जवळजवळ समभुज त्रिकोण. तळाचे जलरोधक कापड बाजूंवर वर वळवून छताला जोडलेले, त्यामुळे वारा खालून आत शिरेना. माथ्यावरून एक दोर जाई आणि तो दोन्ही बाजूंच्या खडकांना बांधला जाई. खुंटी रुतणार नाही तेथे खडक उपयोगी पडे. चार माणसे त्यात झोपू शकत.

८/२४
वजन? व्हिंपरच्या हिशेबाने सुमारे २३ पौंड, म्हणजे साडेदहा किलोंच्या आसपास. साधे कोरे कापड वापरल्यास २० पौंड. आजच्या मापाने हा तंबू जडच. पण १८६२ च्या जुलैमध्ये तो मॅटरहॉर्नवर उभा करून ठेवला होता आणि मध्यंतरी हवामान बिघडले. त्याचे काय झाले हे पाहण्यास व्हिंपर एकटाच वर गेला. तंबूवर बर्फ साचले होते, पण तो जागच्या जागी सुरक्षित होता. आदल्या वर्षीच्या फजितीला हे उत्तर होते.

९/२४
हे साडेदहा किलो वर नेणारा मनुष्य मात्र बहुतेक वेळा व्हिंपर नसे. ब्रेय गावचा ल्युक मेने हा त्याचा तंबूवाहक. पाठीला कुबड, घरी परिस्थिती बेताची, शिवाय दिवंगत भावाच्या कुटुंबाचा भार. ज्या पाठीला जग व्यंग म्हणत होते, तिच्यावरच मॅटरहॉर्नचा तंबू चढला. व्हिंपरने आपल्या ग्रंथात त्याच्या निष्ठेची आणि आनंदी वृत्तीची मनापासून नोंद केली, म्हणून आज आपल्याला त्याचे नाव ठाऊक आहे. असे नाव राहिलेले भारवाही इतिहासात फार थोडे.

१०/२४
१३ जुलै १८६५ रोजी दुपारपूर्वीच व्हिंपरच्या तुकडीने सुमारे ११,००० फुटांवर तंबूची जागा गाठली. दुसऱ्या दिवशी, १४ जुलैला, सात जण मॅटरहॉर्नच्या माथ्यावर उभे राहिले. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे कोसळून मृत्यू पावले. शिखरविजयाच्या आणि या शोकांतिकेच्या गदारोळात तंबूची कोणी आठवण काढली नाही. व्हिंपरच्या नावाचा तंबू मात्र पुढे अनेक दशके गिरिमोहिमांत वापरला गेला.

११/२४
पुढचे पाऊल आल्बर्ट ममरीचे. पूर्वी श्रीमंत इंग्रज गिर्यारोहक पगारी वाटाडे आणि हमाल यांच्या बळावर चढत. ममरीही आरंभी तसाच चढला. पुढे मात्र वाटाड्यांशिवाय, मित्रांच्या जोडीने चढाई करण्याचा मार्ग त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी अंगीकारला. आता पाठीवरचे ओझे ज्याचे त्याला वाहायचे होते. तंबूकडे पाहण्याची दृष्टी येथे बदलली, कारण झोपणारा आणि उचलणारा एकच झाला.

१२/२४
ममरीच्या नावाने ओळखला जाणारा तंबू चिमुकला होता. व्हिंपरची जाड दांडकी त्याने सरळ वगळली. चढाईसाठी हातात असलेल्या आइस-ॲक्सच उलट्या रोवून त्यांचा खांबासारखा उपयोग केला. कापड हलके रेशमी. घडी इतकी लहान की पिशवीच्या एका कोपऱ्यात राहावी. एका वस्तूकडून दोन कामे करून घ्यायची आणि दुसरी वस्तू घरी ठेवायची, हे सूत्र आजही हलक्या प्रवासाचा पाया आहे. चढाईच्या काठीवर ताडपत्री ताणणारे आजचे तरुण ममरीचेच वारस.

१३/२४
१८९५ साली ममरी हिमालयात आला. ८,००० मीटरहून उंच पर्वतावर, नंगा पर्वतावर, गंभीरपणे चढाई करण्याचा तो पहिलाच प्रयत्न. आल्प्समधील चपळ, थोड्या सामानाची पद्धतच त्याने येथेही आणली. त्या ऑगस्टमध्ये रघुबीर थापा आणि गोमान सिंग या दोन गुरखा साथीदारांसह तो एका खिंडीच्या दिशेने गेला आणि तिघेही परतले नाहीत. थोड्या सामानाने वेग येतो, पण काही चुकल्यास सावरण्यास जवळ फारसे काही उरत नाही.

१४/२४
आता डोंगर सोडून सडकेवर येऊ. टॉमस हायरम होल्डिंग हा लंडनचा शिंपी. १८५३ साली, नऊ वर्षांचा असताना, अमेरिकेत आईवडिलांच्या गाड्यांच्या तांड्यासोबत त्याने उघड्यावर मुक्काम केले होते. ती गोडी आयुष्यभर टिकली. १८९७ साली तो मित्रांसह आयर्लंडमधील कॉनेमारा प्रांतात सायकलवरून हिंडला. तंबू, अंथरूण, चूल सारे सायकलवर! दुसऱ्या वर्षी त्यावर त्याने पुस्तक लिहिले.

१५/२४
शिंप्याच्या नजरेने तंबूकडे पाहिले की काय होते, याचे होल्डिंग हे उदाहरण. किती कापड अनावश्यक, शिवण कोठे कमी करता येईल, ताण कोठे पडतो, हे त्याला हाताला ठाऊक होते. रेशमाचे लहान, अत्यंत हलके तंबू त्याने घडविले. १९०१ साली सायकलवरून मुक्कामी फिरणाऱ्यांची संघटना त्याच्या पुढाकाराने स्थापन झाली आणि १९०८ साली त्याचे ‘द कॅम्पर्स हँडबुक’ आले. ज्याच्याकडे हमालाला देण्यास पैसे नव्हते, त्या कारकून-कारागिरालाही आता उघड्या आभाळाखालची रात्र परवडू लागली.

१६/२४
येथवर कथा सरळ दिसते: तंबू हलका होत गेला, माणूस मोकळा होत गेला. परंतु याच काळात पृथ्वीच्या दक्षिण टोकावर तंबूची खरी किंमत कळत होती. जून १९११ मध्ये कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतील विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे ऐन ध्रुवीय हिवाळ्यात, अखंड काळोखात, एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यास केप क्रोझियरकडे निघाले. तापमान उणे ६० अंश सेल्सियसपर्यंत उतरले.

१७/२४
तेथे त्यांनी दगडांची झोपडी रचली, वर कापडाचे छत घातले आणि शेजारी तंबू उभा केला. मग वादळ आले. प्रथम तंबू उडाला. नंतर झोपडीचे छत फाटून गेले. तिघे झोपण्याच्या पिशव्यांत, अंगावर बर्फ घेत पडून राहिले. परतीचा प्रवास अनेक दिवसांचा होता आणि तंबूवाचून तो पार पडणे जवळपास अशक्य, हे तिघांनाही ठाऊक होते. कोणीही ते मोठ्याने बोलले नाही.

१८/२४
वारा ओसरल्यावर काळोखात शोध सुरू झाला. सुमारे अर्ध्या मैलावर, उताराच्या पायथ्याशी, तंबू सापडला. उडताना तो छत्रीसारखा मिटला होता, म्हणून फाटला नाही. त्यानंतरच्या मुक्कामी बॉवर्सने तंबूला दोर बांधून त्याचे टोक स्वतःशी जोडले: तंबू गेला तर तोही जाणार! तिघे जिवंत परतले. पेंग्विनची तीन अंडी लंडनला पोहोचली.

१९/२४
विल्सन आणि बॉवर्स पुढे स्कॉटबरोबर ध्रुवावर गेले. परतीच्या वाटेवर, मार्च १९१२ मध्ये, अन्नसाठ्यापासून ११ मैलांवर तिघेही मृत्यू पावले. नोव्हेंबरमध्ये शोधपथक पोहोचले तेव्हा त्यांचा तंबू उभाच होता. वादळाने त्याला हलविले नव्हते. भूक आणि थंडी यांपुढे मात्र त्याचा इलाज नव्हता. शोधपथकाने बांबू काढून घेतले, तंबू तिघांवर अलगद पसरू दिला आणि वर बर्फाची रास रचली. निवारा हेच त्यांचे कफन झाले.

२०/२४
यानंतरची क्रांती कापडाची. सुती कापड भिजले की धागे फुगतात आणि पाणी अडते, पण वजन वाढते आणि वाळायला वेळ लागतो. १९३५ साली अमेरिकेत नायलॉन तयार झाले आणि महायुद्धानंतर ते तंबूत आले. लेप दिलेले नायलॉन पाणी अडवते, पण माणसाच्या श्वासातील बाष्पही आत कोंडते. मग आत हवेशीर पडदा, बाहेर जलरोधक आवरण, अशी दुपदरी रचना रूढ झाली. १९७५ साली लवचीक दांड्या एकमेकींत गुंफून उभा राहणारा घुमटाकार तंबू बाजारात आला. बकमिन्स्टर फुलर या रचनाकाराच्या घुमटांवरून त्याची कल्पना सुचली होती.

२१/२४
आणि तेवढ्यात एक आजीबाई! १९५५ साली ६७ वर्षांच्या एमा गेटवुड अमेरिकेतील ॲपलाचियन ट्रेल ही सुमारे ३,३०० किलोमीटरांची डोंगरवाट एकट्या चालून गेल्या. अकरा मुलांची ही आई. पायात कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली कापडी पिशवी, तंबूऐवजी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. ती वाट एका दमात एकटीने पूर्ण करणारी ती पहिली स्त्री. १९९० च्या दशकात रे जार्डिन या विमान-अभियंत्याने ताडपत्री आणि हलकी पिशवी यांचा पुरस्कार करणारी पुस्तके लिहिली, तेव्हा या पद्धतीला शास्त्र लाभले.

२२/२४
परंतु एमाबाईंची पिशवी हलकी राहिली, यामागे त्या वाटेवर स्वयंसेवकांनी बांधलेल्या तीन भिंतींच्या पडव्या होत्या, आणि रात्रीपुरता ओसरीवर आसरा देणारी अनोळखी घरे होती. बादशहाचा भार हत्तींवर, व्हिंपरचा ल्युक मेनेवर, एमाबाईंचा थोडासा समाजावर. आपल्याकडे राजगडाच्या पद्मावती मंदिरात किंवा हरिश्चंद्रगडाच्या लेण्यांत रात्र काढलेल्या भटक्यांनी हे ध्यानात ठेवावे. तंबू न नेता आपण हलके चालतो, ते शतकांपूर्वी कोणी तरी कातळ कोरून ठेवला म्हणून.

२३/२४
सह्याद्रीत या प्रश्नाची जुनी उत्तरेही आहेत. भातलावणीच्या वेळी डोक्यापाठीवर घेतले जाणारे बांबू-पानांचे इरले म्हणजे दोन्ही हात मोकळे ठेवणारा, अंगावर वागवायचा निवारा. धनगराची घोंगडी पावसात खोळ, रात्री अंथरूण, थंडीत पांघरूण. ममरीने आइस-ॲक्सचा खांब केला, त्याच जातीची ही बुद्धी. यांना ‘अल्ट्रालाइट’ कोणी म्हटले नाही, कारण ती उचलणाऱ्यांनी स्वतःसाठीच घडविली होती आणि त्यांना दुसरा पर्याय नव्हता.

२४/२४
तेव्हा मित्रहो, तंबू निवडताना वजनाचा आकडा शेवटी पाहा. आधी विचारा: जागा कोणती? कातळ असेल तर खुंटी रुतणार नाही. दोर दगडाला बांधता येतो का, हे व्हिंपरचे शहाणपण. वारा-पाऊस किती? आषाढातील धारेवर उघडी ताडपत्री पुरणार नाही, आणि श्वासाच्या बाष्पाला वाट नसेल तर आतूनच भिजाल. हा निवारा निकामी झाला तर जवळ गाव किंवा लेणे आहे का? असेल तर एमाबाईंसारखे निघा. नसेल तर बॉवर्सचा दोर आठवा आणि अर्धा किलो अधिक उचला. तो उचलणार तुम्हीच आहात, म्हणून निर्णयही तुमचाच. धागा आवडल्यास गडवाटांवरच्या आपल्या सोबत्यांपर्यंत अवश्य पोहोचवा.